शेजारणीचं शिवणाचं मशीन

नात परवा कुठल्याशा बेटांवरून फिरून आली. चाकणला कंपनीत आहे, चार दिवस सुट्टी जोडून मिळाली की पळालीच. मोशीच्या आमच्या या फ्लॅटमध्ये माझ्या पलंगावर मांडी घालून तिनं मोबाईलवर फोटोच फोटो दाखवले. गळ्यात फुलांची माळ, हातात शहाळं, मागं हॉटेलच्या हिरवळीवर नाचणारी माणसं. "आजी, तिकडचं लोकल कल्चर काय भारी आहे गं! सगळं एक्सपिरियन्स केलं आम्ही." मी विचारलं, कुणाच्या घरी जेवलात का? तर म्हणे नाही, हॉटेलातच सगळं होतं. कुणाच्या मयताला गेलात का, हे अगदी जिभेवर आलं होतं, पण गिळलं. मी तोंडाची फटकळ, हे दापोडीपासून मोशीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण इतक्या हौसेनं फिरून आलेल्या पोरीला असलं काही विचारायचं नसतं, एवढी अक्कल या वयात आली आहे. तिला जे सांगितलं नाही ते इथं लिहिते. कारण मीही एकदा बेटं पाहिली होती.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि आम्ही दापोडीला रुळांच्या बाजूच्या गल्लीत राहायचो. दोन खोल्या, वर पत्रा. गाडी गेली की मांडणीवरची ताटं वाजायची आणि त्या आवाजात आई स्टोव्हपाशी बसून भाकऱ्या थापायची. कामगारांचे डबे करायची ती. पहिल्या शिफ्टचे वेगळे, दुसऱ्या शिफ्टचे वेगळे. बोंबलाचं कालवण, मिरचीचा ठेचा, रविवारी सुकट. वास असा की पाहुण्यानं गल्लीच्या तोंडाशी पत्ता विचारला तर लोक म्हणायचे, नाक नेईल तिकडं जा. माझे वडील, आप्पा, इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत फिटर होते. सुट्टीच्या दिवशी दारात पोतं अंथरून ते गल्लीतल्या बायकांची शिवणाची मशीनं दुरुस्त करत, फुकट. मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. दहाव्या वर्षी मला मशीनचा दोरा का तुटतो ते आवाजावरून कळायचं. आमच्या घरात बिघडलेली वस्तू म्हणजे आजारी माणूस. टाकून द्यायची हा विचारच कुणाला शिवत नसे.

आई आठ दिवसांच्या आजारात गेली. दवाखान्यात मी होते, आप्पा पहिल्या शिफ्टला होते. ते आले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. विहारातले भंतेजी आले, पुढं पुण्यानुमोदन झालं, गाव जेवलं, आणि या सगळ्यात आप्पा भिंतीला टेकून बसले होते, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे. रडले नाहीत. चौथ्या दिवशी कामावर गेले. मला वाटलं, धीराचे आहेत. मग एके सकाळी भाजीवाली दारात आली आणि तिनं विचारलं, मेथी देऊ का, तर आप्पा म्हणाले, "थांब, घरात इचारून सांगतो." ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घातली. आईच्या चपला दारातून हलवू देईनात. तिचा कंगवा फळीवर तसाच, केसांसकट. कुणी नव्या माणसानं चौकशी केली की मालकीणबाई कुठं आहेत, तर सरळ सांगायचे, "घरी हाय." मला भीती वाटायची. आई तर गेलीच होती. आता आप्पाही हळूहळू तिच्याबरोबर कुठल्या तरी मधल्याच जागी जाऊन बसतील आणि मी या दोन खोल्यांत एकटी उरेन, अशी ती भीती होती. ती कुणाला सांगावी ते कळत नव्हतं.

असे नऊ महिने गेले. मग कंपनीनं त्यांना निकोबारकडच्या बेटांवर पाठवायचं ठरवलं, सरकारी वीजघरांत डिझेलची इंजिनं बसवायला. साहेब भला माणूस. त्यानं आप्पांची तऱ्हा पाहिली होती. तिकडं जायला पास लागायचा, त्यात त्यानं मदतनीस म्हणून माझं नाव घातलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, याला एकटं सोडू नकोस." आगगाडीनं मद्रास, तिथून जहाज. जहाजात तीन दिवस मी नुसती ओकत होते. आप्पा मात्र डेकवर माणसांत बसायचे. एका पंजाबी हवालदारानं विचारलं, बायको कुठं असते? मी कठड्याला धरून उभी होते, मला ऐकू आलं. "घर पे है," आप्पा म्हणाले. हिंदीतसुद्धा तेच.

पहिल्या दोन बेटांवर आम्ही पंधरा-पंधरा दिवस राहिलो, तिथं सरकारी माणसंच जास्त. तिसरं बेट लहान. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांना विचारायला आता जाणं होणार नाही, आणि न विचारता काही करायची मला त्या बेटानंच धास्ती लावली. खांबांवर उभी असलेली गोल घरं, गवती छप्पर उलट्या टोपलीसारखं, आत जायला शिडी. घराखाली डुकरं खोबरं चघळत बसलेली. दिवसभर समुद्राचा आवाज, आणि मधूनच नारळ पडल्याचा धप्प. सुरुवातीला मी दचकायची. वीजघराशेजारच्या पत्र्याच्या खोलीत आमचा मुक्काम होता आणि लागूनच थॉमस आणि त्याच्या बायकोचं घर. ती पन्नाशीची असेल. तिचं नाव मला ठाऊक आहे. तेही लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल. तिला मूलबाळ नव्हतं. पहिल्याच दिवशी ती शिडी उतरून आली, माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि थॉमसला काहीतरी म्हणाली. थॉमसला मोडकी हिंदी यायची. तो म्हणाला, "बोलती है, सूखी लकड़ी."

झालं, तिनं मला खाऊ घालायचा विडाच उचलला. केवड्याच्या जातीचं एक फणसाएवढं फळ ती उकडायची, शिंपल्यानं त्याचा गर खरवडायची आणि दोरे काढत काढत त्याचा पिवळा गोळा मळायची, अगदी आपल्या भाकरीच्या पिठासारखा. दोरे काढायचं काम माझ्याकडं आलं. गोडसर, जरा मातकट चव. भाजलेला मासा आणि तो गोळा. पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना, महिन्याभरानं मी मागून खायला लागले. तिला मराठी नाही, मला तिची भाषा नाही; पण तिच्याकडं हातानं फिरवायचं एक जुनं शिवणाचं मशीन होतं, व्यापाऱ्याच्या बोटीवरून खोबऱ्याच्या बदल्यात आलेलं. सगळ्या गावाचे कपडे तीच शिवायची. त्याचा टाका सैल पडत होता. मी स्क्रू दीड फेरा फिरवला, तेल दिलं, टाका बसला. तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरून हुंगलं. त्या दिवसापासून दुपारी आम्ही दोघी जोडीनं बसायचो. ती चाक फिरवायची, मी कापड सरकवायची. खटखट खटखट तो आवाज गावभर जायचा. कधी कधी ती माझे केस विंचरायची. आई गेल्यावर माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. खरं सांगते, मला तिथून परत यावंसंच वाटत नव्हतं.

आणि मग तीही गेली, तापानं. समुद्र खवळलेला, बोट निघणार नव्हती. बेटावरच्या कंपाउंडरनं होतं ते औषध दिलं, आणि तिसऱ्या सकाळी बायकांचा आकांत ऐकू आला. मी धावत शिडी चढले. मला कुणी अडवलं नाही, बायकांनी सरकून जागा दिली. दुपारी तिला नेऊन पुरलं. मग घरच्यांनी तिचं ताट दगडानं चेचलं. भांड्यांना कोयत्यानं भोकं पाडली. तिनं शिवलेले तिचे कपडे टराटरा फाडून मातीवर ठेवले. आणि शेवटी थॉमसनं ते मशीन आणलं, कुऱ्हाड उलटी धरली आणि घाव घातला. चाकाचे दोन तुकडे झाले, दांडा वाकला. गावच्या मुखियाला तिथं कॅप्टन म्हणतात. म्हातारा, पांढऱ्या भुवयांचा. तो हिंदी बोलायचा. त्यानं आम्हाला सांगितलं, यापुढं तिचं नाव कुणी उच्चारायचं नाही. गावात त्याच नावाची एक लहान मुलगी होती, तिचं नावही त्याच दिवशी बदललं. थॉमस आता मासा-नारळ तोंडाला लावणार नव्हता, समुद्रावर जाणार नव्हता. ठरलेले दिवस भरले की मोठं जेवण होऊन तो मोकळा व्हायचा होता.

आमच्याकडं तर भांड्यांवर नावं कोरून घेतात, माणूस मेलं तरी ताटावरनं नाव जात नाही. आप्पा खोलीवर येऊन म्हणाले, "चालतं मशीन गं! चांगलं चालतं मशीन फोडलं बाबानं." आई गेल्यापासून त्यांना कशाची हळहळ वाटलेली मी पहिल्यांदा पाहिली. मला रात्रभर ते चाक दिसत होतं. आठवडाभर कसाबसा काढला. मग एका दुपारी सगळे दुसऱ्या टोकाला गेले असताना मी तिला पुरलं होतं तिथं गेले, मशीन आणि चाकाचे तुकडे गोणपाटात गुंडाळले आणि वीजघरात आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवले. चोरी केली असं क्षणभरही वाटलं नाही. कुणाला विचारावं असंही वाटलं नाही, कारण दुरुस्त करायला परवानगी लागते हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्हाला वाटलं, दुःखाच्या भरात माणसानं फोडलंय, उद्या डोकं शांत झालं की हळहळेल.

आप्पांनी तुकडे जुळवून पाहिले. "बिडाचं हाय," म्हणाले. "तडकायला उशीर न्हाई लागायचा. पितळ भरावं लागंल." आणि बाह्या वर केल्या. ते दोन दिवस मी कधी विसरणार नाही. चूल पेटवून चाक सावकाश तापवलं, गॅसच्या ज्योतीनं सांध्यात पितळ भरलं, मग गरम राखेत पुरून ठेवलं, कारण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एकदम गार झालं की फुटतं. मी दांडा सरळ केला, सुई बदलली, गंज घासला. काम करता करता आप्पा बोलायला लागले. गुणगुणले. एकदा तर हसले. म्हणाले, "तुझी आई म्हनायची, तुमाला बायकूपरीस पाना प्यारा." किती महिन्यांनी घरातला माणूस परत आला होता! मी राखेकडे बघत बसले होते आणि मनात म्हणत होते, हे काम संपूच नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते मशीन थॉमसच्या घरासमोर नेलं. पुसून लख्ख केलेलं. आप्पा इतके खूश, की थॉमस शिडी उतरून येईपर्यंत त्यांना दम निघेना. त्यांनी शिडीपाशी मशीन ठेवलं, चिंधी घातली आणि चाक फिरवलं. खटखट खटखट. तोच आवाज.

वर घरात काहीतरी पडलं. थॉमस दारात आला, त्यानं मशीन पाहिलं आणि दोन्ही कानांवर हात दाबून खाली बसला. शेजारच्या घरांतून बायका ओरडत बाहेर आल्या. एकीनं पोरांना ओढून आत नेलं. "तेल कमी पडलंय का?" आप्पा मला विचारत होते. हो, हेच विचारत होते, आणि चाक फिरवतच होते. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात कॅप्टन आला. मला वाटलं, आता मारतील. मारलं नाही, कुणी शिवीसुद्धा दिली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. कॅप्टन आमच्याजवळ बसला आणि सावकाश, एकेक शब्द शोधत बोलला. त्याची हिंदी इथं मराठीत लिहिते.

"ती निघाली होती. तिच्या वस्तू मोडल्या म्हणजे त्या तिच्याबरोबर निघाल्या. अर्ध्या वाटेवर तिनं तिच्या मशीनचा आवाज ऐकला. आता ती परत फिरली. घरात तिला जागा नाही, तिकडं पोचली नाही. थॉमसनं इतके दिवस उपास काढले, ते सगळे गेले. त्याला पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

मी म्हणाले, आमची चूक झाली, आम्ही मशीन जिथलं तिथं ठेवतो. कॅप्टननं मान हलवली. "नुसतं ठेवून नाही. मोडणं घरच्यांचं काम. तुम्ही तिला परत बोलावलंत, म्हणजे तुम्ही घरचे. आता तुम्हीच मोडा."

आम्ही तिथं गेलो, त्या फुटक्या भांड्यांपाशी. थॉमस होता, कॅप्टन होता, थोडी माणसं लांब उभी होती. आप्पांच्या हातात वीजघरातला हातोडा. त्यांनी तो खाली टेकवला. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मला न्हाई जमायचं. आपल्या हातानं चालवल्यालं मशीन... न्हाई. सांग त्येस्नी, आमी न्हाई मोडत."

"आप्पा, त्याच्याकडे बघा तरी!"

"बघतुया. मी न्हाई मोडत."

माझा तोल सुटला. आजवर इतक्या लोकांना मी तोडून बोलले असेन, पण तसं कुणाला बोलले नाही. "मग काय करायचं त्यानं?" मी ओरडले. "त्यानं पण तुमच्यासारखं सांगत फिरायचं का, बायको घरी हाय म्हणून? आई मेली, आप्पा! मी तिच्याजवळ होते, माझ्या डोळ्यांदेखत मेली! आणि तुम्ही तिला ना घरात ठेवलंत, ना जाऊ दिलंत. तिच्या चपला ओलांडून ओलांडून माझा जीव जायची वेळ आली!"

आप्पांचा चेहरा मला आजही दिसतो. रागावले नाहीत. एखाद्यानं खूप दिवसांनी हाक मारल्यावर माणूस बघतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते वळले आणि त्यांनी हातोडा उचलला. पहिला घाव सांध्यावर बसला. सांधा हलला नाही. दुसराही तिथंच. आप्पा पक्के फिटर होते, त्यांनी भरलेलं पितळ तुटायचं नाव घेईना. तिसऱ्या घावाला चाक फुटलं, पण सांध्याच्या बाजूनं, जिथं आधी कधी तडकलं नव्हतं तिथं. मग त्यांनी दांडा मारला, सुई मारली, सगळं मारलं. थांबले तेव्हा घामानं निथळत होते. थॉमसनं तुकडे गोळा केले आणि मातीवर एकेक करून मांडले.

मांडून झाल्यावर त्यानं कॅप्टनला हळूच काहीतरी विचारलं. माझं ओरडणं त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी कळलं होतं. कॅप्टन म्हणाला, "तो विचारतो, तुझी बायको कधी गेली?"

आप्पांनी हातोडा दुसऱ्या हातात घेतला. "अकरा महिने झाले," ते म्हणाले. "वारली. मी कामावर हुतो." हे ते मराठीतच बोलले. मी हिंदीत सांगितलं.

थॉमसनं पुढं विचारलं, तिचं काय मोडलंस?

"काय न्हाई."

थॉमसला ते खरं वाटेना. त्यानं कॅप्टनला पुन्हा विचारायला लावलं. काहीच नाही? मग तो आप्पांकडे असा बघायला लागला, जणू नुकसान त्याचं नसून आमचंच झालं आहे. आप्पा खाली बसले. मला म्हणाले, "शालन, तिचं काय मोडायचं गं आपुन?"

"काही मोडायचं नाही, आप्पा," मी म्हणाले. "फक्त ती घरी आहे असं कुणाला सांगू नका."

"न्हाई सांगत," आप्पा म्हणाले, आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन हमसून हमसून रडायला लागले. थॉमस त्यांना टेकून वाळूत बसला. त्याचा तो पुन्हा पहिला दिवस होता. आप्पांचाही.